तिसऱ्या कपाटातले फोटो

"खुर्च्या फरशीला ठोकल्यात," इम्तियाज म्हणाला. "दोन्ही. प्रत्येकीला चार-चार स्क्रू."

आम्ही तिघं त्या लहानशा खोलीत उभे होतो. समोरासमोर दोन लाकडी खुर्च्या, मध्ये चार फूट अंतर, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली रंगवलेली पाटी : 'वेळ पंधरा मिनिटे. विषयाचे बंधन नाही.'

"का ठोकल्या असतील?" गार्गीनं विचारलं.

"कुणीतरी एकदा पुढं सरकवली असणार," मी म्हणालो.

मी थट्टा करत होतो, पण नंतर इंदूताईंनी फोनवर सांगितलं, ते अगदी तसंच झालं होतं. इचलकरंजीच्या एका मुलानं बोलता बोलता खुर्ची पुढं ओढली. मुलीची काही तक्रार नव्हती. पण तिचे मामा दाराबाहेर बसले होते आणि त्यांनी खुर्चीचा आवाज ऐकला.

ती जागा म्हणजे मंगलयोग वधूवर सूचक केंद्राचं ऑफिस. कोल्हापूर, राजारामपुरी, खाली मिठाईचं दुकान, वरती लग्नं. इंदूताई टेंब्यांनी ते सदतीस वर्षं चालवलं. मग लोक लग्नं कॉम्प्युटरवर जमवायला लागले, ताईंच्या गुडघ्यांनी संप केला आणि त्या पुण्याला लेकाकडे गेल्या. जागा आम्हाला दिली. आम्ही म्हणजे मी, मकरंद पोवार, जाहिराती आणि लोगो करणारा. गार्गी माने, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी. आणि इम्तियाज मुजावर, फर्निचर डिझाईन करणारा. तिघंही एकाच शाळेतले, एकाच वर्गातले. तिघंही आपापल्या घरी बेडवर लॅपटॉप ठेवून काम करायचो आणि क्लायंटला सांगायचो की ऑफिसचं काम चालू आहे. आता ते खरोखरच चालू झालं होतं. चार टेबलांचा सगळ्यांचा मिळून एक स्टुडिओ. नाव ठेवलं होतं 'कच्चं काम'.

चार टेबलांपैकी तीन आमची. चौथं बावडेकर मॅडमचं.

शैलजा बावडेकर मॅडम आमच्या चित्रकलेच्या शिक्षिका. आम्ही तिघं या धंद्यात पडलो तो त्यांचाच दोष. मी वर्गात सतत बडबडायचो. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या फळ्याकडं तोंड करूनच म्हणायच्या, "पोवार, ब्रश तोंडात." मग मी ब्रश दातांत आडवा धरून बसायचो, तास संपेपर्यंत. पाचवी ते दहावी या काळातली माझी बरीचशी मतं त्या ब्रशामुळे जगापर्यंत पोचली नाहीत.

मॅडम त्या मे महिन्यात रिटायर झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. मंगळवार पेठेत भावाच्या घरी राहायच्या. घर भरलेलं, भाऊ, वहिनी, दोन भाचे, त्यांच्या बायका, पोरं. वाईट कुणीच नव्हतं. पण त्या घरात मॅडमची एक खाट होती, एक कपाट होतं आणि जेवणाच्या टेबलाची एक बाजू होती, तीही सकाळी दहा ते साडेअकरा. त्यानंतर तिथं कुकर यायचा.

जागा बघायला त्या आल्या तेव्हा फरशी उखडलेली होती. साडी घोट्याच्या वर धरून त्या सिमेंटच्या पोत्यांमधून थेट खिडकीपर्यंत गेल्या.

"इथं?"

"इथं, मॅडम. उजेड डावीकडून."

"केवढं?"

"सहा बाय तीन," इम्तियाज म्हणाला. "मोठं करतो तुमचं."

"नको. साडेचार बाय अडीच. माझा हात पुरला पाहिजे."

त्यांनी पर्समधून खडू काढला. रिटायर होऊन दोन महिने झाले होते, पण पर्समध्ये खडू होता. वाकून त्यांनी खालच्या कोब्यावर एक चौकोन काढला. पट्टी नाही, काही नाही, चारही कोन काटकोन. मग त्या चौकोनाच्या अलीकडं उभ्या राहून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"अठ्ठावन्न वर्षांत," त्या म्हणाल्या, "चित्र अर्धवट ठेवून उठायची सोय नव्हती कधी. रोज पुरं करायचं, नाहीतर उचलायचं. टेबल लागलं की फोन कर. मी सामान घेऊन येते."

तो चौकोन दहा-बारा दिवस तसाच होता. येणारा-जाणारा प्रत्येक कारागीर त्याला वळसा घालून जायचा. फरशीवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, वास्तुशांतीचा आहे का. मी हो म्हणून सांगितलं.

आता भिंत. खिडकीच्या समोरची, चौदा फुटी, कोरी. गार्गी म्हणत होती, पांढरी ठेवा. मी म्हणत होतो, डिझाईन स्टुडिओची भिंत पांढरी म्हणजे न्हाव्याच्या दुकानात आरसा नाही. मला काहीतरी पाहिजे होतं. काय, ते माहीत नव्हतं. ऑफिसात तीन लोखंडी कपाटं होती, ती हलवायची म्हणून मी ताईंना फोन लावला.

"पहिल्या दोन कपाटांतलं रद्दीला घाल," ताई म्हणाल्या. "तिसऱ्याला हात लावू नकोस."

"काय आहे त्यात, ताई?"

"फोटो आहेत. मी आले की बघते."

"कधी येताय?"

"गुडघा म्हणेल तेव्हा."

"तोवर आम्ही काय करायचं त्यांचं?"

ताईंच्या मागं कुणीतरी मिक्सर लावला होता. मग त्या म्हणाल्या, "अरे, त्यांचं काय करायचं ते मलाच अजून सुचलेलं नाही."

मी तिसरं कपाट त्याच दुपारी उघडलं. कुलूप होतं, पण किल्ली कुलपालाच लटकत होती.

आत बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आणि डब्यांत फोटो. दोनशे सोळा, मी नंतर मोजले. पोस्टकार्डाएवढे, बरेचसे काळे-पांढरे. मागं स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा जिना. जिना कुठंच जात नसायचा. मुली तिरक्या मानेनं बसलेल्या, मुलं टाय लावून, आणि बहुतेक सगळ्यांना टाय तोच, म्हणजे स्टुडिओचा. चेहरे असे की डॉक्टर आता इंजेक्शन देणार आहे आणि आपण घाबरलो नाही हे दाखवायचं आहे.

मी एक फोटो उलटा केला. मागं जांभळ्या शाईत ताईंचं अक्षर. नाव नाही, नुसता नंबर आणि शेरा. नावांची वही ताई सोबत घेऊन गेल्या होत्या.

'क्र. १८७. उंची.'

'क्र. ३०५. मुलाची नोकरी जाऊन-येऊन असते.'

'क्र. ९१. मुलगी चांगली. वडील फार बोलतात.'

'क्र. ३६६. दोघांना पसंत. घरच्यांना नाही.'

मी मोठ्यानं वाचत होतो आणि इम्तियाज त्या ठोकलेल्या खुर्चीत बसून पोट धरून हसत होता. मग माझ्या हातात चारशे बारा आला. मुलगी, विशीतली, दोन वेण्या पुढं घेतलेल्या, चेहऱ्यावर इतकी पावडर की नाक कुठं संपतं ते कळत नव्हतं. मी उलटा केला.

'क्र. ४१२. नकार. कारण : मुलगी चित्रे काढते.'

आमचं हसू थांबेचना. गार्गीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मक्या, हे आपलं ब्रीदवाक्य आहे."

माझी भिंत मला सापडली होती.

"ताईंना विचारलंस पण?" गार्गीनं विचारलं. ती नेहमी विचारते.

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, काय करायचं ते सुचेल तसं बघा."

वाक्यातले बरेचसे शब्द ताईंचेच होते.

पुढचा आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. दोनशे पंधरा फोटो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं भिंतीवर लावले, सरळ ओळींत, शाळेच्या प्रार्थनेसारखे. वर रंगीत कागदाचे गॉगल, मिशा, मुकुट. काहींच्या तोंडाजवळ फुगे. एका टायवाल्याच्या फुग्यात लिहिलं, 'लोगो जरा मोठा करा.' एका नऊवारीतल्या मुलीच्या, 'फॉन्ट पसंत आहे, पण घरी विचारून सांगते.' काहींच्या खाली ताईंचे शेरे जसेच्या तसे, छान अक्षरात.

चारशे बारा मात्र मी स्कॅन करून चार फूट उंच छापून आणला. भिंतीच्या मधोमध, खिडकीच्या बरोब्बर समोर. डोळ्यांवर गॉगल आणि खाली ठसठशीत अक्षरात : 'नकार. कारण : मुलगी चित्रे काढते.'

तेव्हाच्या कोल्हापुरात चित्रं काढणाऱ्या मुली किती असतील, हा प्रश्न मला पडला नाही. मला त्या आठवड्यात एकच प्रश्न पडला होता, गॉगल काळा की लाल. लाल केला.

उद्घाटन रविवारी, सकाळी अकराला. फीत नव्हती, खडूचा चौकोनही आता फरशीखाली गेला होता, पण त्याच्या बरोब्बर वर मॅडमचं टेबल होतं, साडेचार बाय अडीच. चाळीसेक लोक आले. आणि आल्या आल्या सगळे भिंतीकडं. फोटोबरोबर फोटो काढत होते, शेरे मोठ्यानं वाचत होते. एका जाहिरात कंपनीचा माणूस मला म्हणाला की असली भिंत मुंबईतसुद्धा नाही. मी म्हणालो, मुंबईत लग्नं लवकर जमतात.

खालच्या मिठाईच्या दुकानाचे आण्णा हळदकर पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आले. हे आण्णा पहिल्या दिवशीच मला म्हणाले होते, "ताईंचं केंद्र बंद पडलं आन माझं पेढं निम्म्यावर आलं बघा." तेव्हा मला वाटलं होतं, मुलगी बघायला येणारी माणसं पेढे नेत असतील. आण्णा भिंतीसमोर उभे राहिले. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, हळूहळू, मतदारयादीत नाव शोधावं तसं.

"ह्ये फोटो कुणी दिलं?"

"ताईंचे आहेत, आण्णा."

"ताईंचं हाईत ते मला बी दिसतंय. दिलं कुणी?"

"कपाटानं," मी म्हणालो.

आण्णा हसले नाहीत. बॉक्स जवळच्या टेबलावर ठेवला, "दुकान उघडं हाय माझं," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, त्यांना आधुनिक कला कळत नाही.

पावणेबाराला मॅडम आल्या. रिक्षातून दोन कापडी पिशव्या, मी घ्यायला गेलो तर दिल्या नाहीत. मोतिया रंगाची नवी साडी. आत आल्या त्या सरळ खिडकीकडं, गर्दीतून वाट काढत, भिंतीकडं बघितलंही नाही. त्या आठवडाभर एकाच गोष्टीचा विचार करत होत्या आणि ती गोष्ट खिडकीपाशी होती.

पिशवीतून एकेक वस्तू निघाली. ब्रशांची बरणी. रंगांचा पत्र्याचा डबा. टेबलावर घालायचं धुतलेलं कापड. कॉफीच्या बाटलीतलं मनीप्लँट. बरणी त्यांनी डावीकडं ठेवली, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. खुर्चीत बसल्या. खण ओढला, आत ढकलला, पुन्हा ओढला.

"खण पण केलास, मुजावर?"

"कुलूप पण आहे, मॅडम."

"कुलूप," त्या म्हणाल्या. किल्ली फिरवून बघितली. मग एक अर्धवट चित्र काढलं पिशवीतून, कुठल्या तरी घाटाचं, निम्मं पाणी रंगवायचं राहिलेलं, आणि ते टेबलावर ठेवून हात मागं घेतले. नुसतं बघत बसल्या. ते तिथं राहणार होतं.

मागं लोक हसत होते. कुणीतरी पुन्हा मोठ्यानं वाचलं, "मुलगी चित्रे काढते!" आणि पुन्हा हशा झाला.

मॅडमनी खुर्ची वळवली.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं, ते मला अजून जाणवतं, गालात. मॅडम उठल्या, चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि भिंतीजवळ गेल्या. आम्ही चित्रं दाखवायचो तेव्हा त्या अशाच उभ्या राहायच्या, एक हात पाठीमागं.

"गॉगल कुणी लावला?"

"मी, मॅडम."

"डावी काडी चुकली आहे. मान वळलेली आहे ना तिची. लांबची काडी आखूड दिसायला पाहिजे."

"बदलतो, मॅडम."

"कुणाचा फोटो आहे, माहीत आहे का?"

"नाव नाही. पण आमच्याच जातीची आहे, मॅडम. चित्रं काढणारी."

माणसं हसली. मॅडमही किंचित हसल्या, मला वाटलं.

"साडी वहिनीची होती," त्या म्हणाल्या. "अंजिरी. फोटोत काळी दिसते."

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. वेण्या, पावडर आणि गॉगल यांच्या पलीकडं ती हनुवटी होती, जी मी सहा वर्षं रोज बघितली होती.

त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. साधी गोष्ट होती. पण मी म्हणालो, "मग मॅडम, तुम्ही तर आधीपासूनच स्टुडिओत आहात. टेबल कशाला पाहिजे?"

या वेळी कुणी हसलं नाही. जाहिरात कंपनीच्या माणसानं मोबाईल खिशात घातला.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या बाकीच्या ओळींकडं बघत होत्या. एक-दोन ठिकाणी थांबल्या, ओळखीचं कुणी असावं.

"यातलं कुणीच परत न्यायला आलं नाही, नाही का?" त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"फोटो. ताईंकडं पद्धत होती. जमलं की आपला फोटो परत न्यायचा आणि ताईंना पेढे द्यायचे. खालूनच घ्यायची माणसं." त्यांनी एका मिशी चिकटवलेल्या मुलीचा वाकडा झालेला फोटो बोटानं सरळ केला. "ज्यांचं जमलं नाही, त्यांचे राहिले. हे ते."

प्रिंटरनं आपला आपण एक आवाज केला आणि बंद पडला.

"मी दोनदा गेले होते मागायला," मॅडम म्हणाल्या. "ताई म्हणायच्या, राहू दे ग, आशा सोडू नये."

मग त्या टेबलाशी गेल्या. चित्र उचललं. कापडाची घडी घातली. बरणी, डबा, बाटली, ज्या क्रमानं काढलं होतं त्याच्या उलट्या क्रमानं सगळं पिशव्यांत गेलं. खणाची किल्ली त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली. गार्गी पुढं झाली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "टेबल फार सुंदर झालंय. मुजावरला सांग."

मुजावर तिथंच उभा होता.

लोक गेल्यावर गार्गी मला म्हणाली, "ताई नक्की काय म्हणाल्या होत्या?"

मी सांगितलं. यावेळी सगळे शब्द ताईंचे होते.

इम्तियाजनं स्टूल घेतलं, भिंतीशी लावलं आणि वरच्या ओळीपासून फोटो काढायला सुरुवात केली. फोटो नीट निघेनात. पुढचा चेहरा हातात यायचा आणि मागचा कागदाचा पापुद्रा पट्टीबरोबर भिंतीला राहायचा. दोनशे पंधरा माणसं निघाली, त्यांचे शेरे भिंतीतच राहिले, तोंड आत करून. नंतर घासलं, पुट्टी लावली, रंगाचे तीन हात दिले. गार्गीनं रंग निवडला, पांढरा.

सोमवारी मी ताईंना फोन केला.

"ताई, मी तिसरं कपाट उघडलं."

"माहीत आहे. हळदकरांचा फोन आला होता."

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "घरोघरी पोचवायचे होते रे मला ते. पण तुमचा उरला म्हणून परत देते, हे कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? ते काही सुचेना. म्हणून सदतीस वर्षं ठेवले." मग म्हणाल्या, "पाठवून दे इकडं. आणि तिचा तू नेऊन दे. तुला सुचतं ना पुष्कळ."

चारशे बाराचा मूळ फोटो भिंतीवर लावलेलाच नव्हता, स्कॅनरमध्ये होता. त्यामुळं तो एकटा शाबूत राहिला, पाठीसकट.

भिंत वाळल्यावर, पुढच्या मंगळवारी, मी मंगळवार पेठेत गेलो. मुद्दाम उशिरा निघालो होतो, तरी साडेअकरालाच पोचलो. वहिनींनी दार उघडलं आणि आत हाक मारली, "वन्सं, तुमचा विद्यार्थी आलाय."

मॅडम जेवणाच्या टेबलावरून रंग उचलत होत्या. पलीकडच्या बाजूला ताटं आली होती. घाटाचं चित्र खुर्चीवर वाळत होतं. पाणी पुरं झालं होतं, घाईत, मला दिसत होतं.

"बस, पोवार."

मी बसलो नाही. "मॅडम, भिंत रंगवली. पांढरी."

"गार्गी आधीपासून तेच म्हणत होती ना?"

"हो."

"बाकीचे फोटो?"

"ताईंना पाठवले."

"चांगलं केलंस."

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी फोटो काढून उजेडात धरला. "वहिनी, बघा तुमची अंजिरी." वहिनी हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती बारीक होता तुम्ही. आणि ही साडी मला परत दिलीच नाहीत." दोघी हसल्या. वहिनी कुकर बघायला आत गेल्या.

मग मॅडमनी फोटो उलटा केला आणि जांभळी शाई वाचली.

"ताईंनी मला पत्रिका सांगितली होती," त्या म्हणाल्या. "मंगळ. चौतीस वर्षं मी मंगळावर रागावून होते. त्याचा काही संबंध नव्हता बिचाऱ्याचा."

म्हणजे खरं कारण त्यांना रविवारी कळलं होतं. चाळीस माणसांत, चार फुटी. आणि त्याखालचं अक्षर मी दोन दिवस निवडत बसलो होतो, लांबून नीट वाचता यावं म्हणून.

मी माफी मागितली. पाठ करून गेलो होतो, त्यातलं मधलं वाक्य विसरलो. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं.

"टेबल तसंच आहे, मॅडम. तुम्ही या."

"नाही यायची."

"थोड्या दिवसांनी?"

"पोवार, मी तिथं बसले की तुम्ही तिघं माझ्याशी नीट वागाल. रोज. ते मला झेपायचं नाही."

याला आता बारा वर्षं झाली. त्या टेबलावर आज प्रिंटर आहे, कुरिअरची खोकी आहेत, कुणाचं तरी हेल्मेट आहे. नवा कुणी डेस्क मागायला आला की गार्गी म्हणते, ते दिलेलं आहे.

"थांब जरा," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या पांढरा बॉक्स घेऊन, आण्णा हळदकरांच्या दुकानाचा. दोऱ्याची गाठ सोडून तो माझ्यासमोर धरला.

"घे. फोटो परत मिळाला की पेढे द्यायचे असतात."

"मॅडम, ते जमल्यावर..."

"पोवार," त्या म्हणाल्या. "तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी बॉक्सभर नजर फिरवली, सगळ्यांत मोठा पेढा निवडला आणि माझ्या तोंडात ठेवला. तो असेपर्यंत मला काही बोलता येणार नव्हतं. मॅडम खुर्चीवरचं चित्र उचलून कपाटात ठेवायला गेल्या, टेबलावर कुकर आला, आणि मी तसाच उभा होतो.